उन्हाच्या चालीने पक्षी पाहावेत: सुप्याच्या माळापासून भिगवणच्या पाण्यापर्यंत हिवाळ्यातला एक दिवस

हिवाळ्यात पुण्याहून पक्षी पाहायला निघालेली बहुतेक वाहने पहाटे सोलापूर रस्त्याला लागतात आणि उजाडण्याच्या सुमारास भिगवणला पाण्याच्या काठावर उभी राहतात. माझीही पहिली तीन वर्षे अशीच गेली. कुंभारगावच्या काठावरून समोर पाहिले की पाणी ईशान्येकडे आणि पूर्वेकडे पसरलेले दिसते, त्यामुळे सूर्य वर आला की समोरचे प्रत्येक बदक काळ्या कागदातून कातरल्यासारखे दिसते. डोळे चोळत नऊपर्यंत तिथे घालवायचे, मग सुप्याच्या माळावर यायचे आणि तोवर तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमध्ये, माळावरच्या मातकट पक्ष्यांत, चंडोलाची तीरचिमणी आणि तीरचिमणीचे ढेकूळ होताना पाहायचे, असा तो प्रकार होता. चौथ्या वर्षी दिवस उलटा केला. सकाळ कोरड्या माळाला दिली, दुपार ढळल्यावर पाण्यावर गेलो आणि मावळतीला पुन्हा गवताकडे आलो. तेव्हापासून हाच क्रम ठेवला आहे आणि पुढचे मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

कोणत्या महिन्यात काय

स्थलांतराचा हंगाम आपण समजतो त्यापेक्षा लवकर सुरू होतो. ऑगस्टच्या अखेरीपासून भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) पहिले थवे दिसू लागतात, आणि सप्टेंबरमध्ये धोबी पक्षी ओढ्यांच्या काठाने शेपूट हलवू लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हे वाटसरूंचे महिने आहेत. युरोपीय नीलपंख या काळात विजेच्या तारांवर काही दिवस विसावतो आणि आफ्रिकेकडे निघून जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमूर ससाणाही असाच ओलांडून जातो. २०१३ मध्ये नागालँडमधल्या डोयांग जलाशयाजवळ तीन अमूर ससाण्यांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली होती. ते मध्य भारतावरून येऊन अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेल्याचे त्यातून दिसले.

पाच-सहा तास उभे राहून ज्यांना एकाच दिवसात शिकारी पक्षी, गवतातले छोटे पक्षी आणि पाणपक्षी असे सगळे पाहायचे आहे, त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा. नवख्यांना निमित्त हवे असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांमधला तो आठवडा आहे. मात्र रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी त्या आठवड्यात फार आशा ठेवू नये. रोहित उथळ पाण्यातच चरतात. भिगवणचे पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि चांगल्या पावसाच्या वर्षी ते काठोकाठ भरलेले असल्याने चिखलपट्टे जानेवारीपर्यंत उघडे पडत नाहीत. म्हणून निघण्याआधी धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा वर्तमानपत्रात पाहावा. गेल्या वर्षी कोणाला कोणत्या तारखेला रोहित दिसले, या माहितीपेक्षा तो आकडा जास्त उपयोगी पडतो.

आदल्या दिवशीची तयारी

दुर्बीण ८×४२ ची घ्यावी. १०×४२ ची दुर्बीण दुकानात आकर्षक वाटते, पण दिवसाचा महत्त्वाचा अर्धा भाग पहाटेच्या आणि मावळतीच्या अंधुक उजेडात जातो. भिंगाचा व्यास भागिले वर्धन हे साधे गणित केले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर असतो आणि १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटर. शिवाय माळावर वारा असतो आणि दहापट वर्धनात हाताचा कंपही दहापट दिसतो. गटात कोणाकडे तिपाई आणि स्पॉटिंग स्कोप असेल तर तो पाण्यावर कामी येतो, माळावर क्वचितच.

कपडे मातकट किंवा गवती रंगाचे असावेत, पांढरा सदरा टाळावा. पायांत घोट्यापर्यंतचे बूट आणि वरून गुळगुळीत कापडाची पट्टी असावी. हे सांगण्याचे कारण म्हणजे कुसळी गवत. त्याच्या बियांची टोके भाल्यासारखी असतात आणि मागचे केसाळ शेपूट दव लागले की उलगडते, सुकले की पीळ खाते, त्यामुळे बी स्वतःच स्क्रूसारखे जमिनीत शिरते. त्याला जमीन आणि लोकरी पायमोजा यांतला फरक कळत नाही. एकदा लोकरी मोजे घालून गेलो होतो, त्यातली शेवटची कुसळे चिमट्याने काढायला तीन रात्री लागल्या.

पाणी माणशी तीन लिटर, टोपी, नोंदवही, पेन्सिल आणि गाडीची टाकी भरलेली, एवढे पुरे. ई-बर्ड हे नोंदी करण्याचे ॲप आणि मर्लिन हे ओळख पटवण्याचे ॲप घरूनच उतरवून घ्यावे, भारतातल्या पक्ष्यांचा संचही घरीच डाऊनलोड करावा. माळावर नेटवर्क असतेच असे नाही.

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जायचे असल्यास प्रवेशाची वेळ आणि शुल्क आदल्या दिवशी विचारून घ्यावे. बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ परिसरात आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी परिसरात वनविभागाची माळरान सफारी चालते. तिथे आगाऊ नोंदणी करावी लागते, नोंदणी नसताना वनहद्दीत गाडी घालू नये.

पहाट: सुप्याचा माळ

सुपे पुण्यापासून सुमारे सत्तर किलोमीटर आहे. सासवड, जेजुरी, मोरगाव या वाटेने यावे किंवा सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जाऊन दक्षिणेला वळावे. डिसेंबरमध्ये सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, म्हणून पावणेपाचला पुणे सोडले की उजाडताना माळावर पोहोचता येते. मोरगावच्या मयूरेश्वरावरून नाव मिळालेले हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ते चिंकाऱ्यांसाठी राखलेले असले तरी पक्षी पाहणाऱ्याने कुंपणाला फार महत्त्व देऊ नये, कारण सभोवतालची पडीक राने, गायराने आणि नांगरलेली शेते मिळूनच हा माळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे दिशा. पाहायच्या पट्ट्याच्या पूर्वेच्या बाजूला गाडी लावावी, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. दुसरी गोष्ट म्हणजे खाली उतरण्याची घाई करू नये. माळावरचे पक्षी माणसाचे उभे शरीर दोनशे मीटरवरून ओळखतात, पण गुरांच्या आणि ट्रॅक्टरच्या सवयीमुळे उभ्या गाडीला फारसे भीत नाहीत. इंजिन बंद करून, काचा खाली घेऊन, पंधरा मिनिटे नुसते ऐकावे. सर्वांत आधी चंडोल बोलू लागतात. त्यांच्यातल्या डोक्यावर तुरा असलेल्या आणि विटकरी छटेच्या चंडोलाला साइक्स या अधिकाऱ्याचे नाव आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी दख्खन पालथे घातले आणि १८३२ मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाबाहेर सापडत नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेल्या पक्ष्यांच्या नादात या घरच्या मंडळींकडे दुर्लक्ष होते, ते होऊ देऊ नये.

त्यानंतर जमीन पट्ट्यापट्ट्याने तपासावी. एक दगड, एक बांध किंवा एक बोरीचे झुडूप खूण म्हणून धरावे आणि दुर्बीण डावीकडून उजवीकडे सावकाश न्यावी, नंतर थोडी वर उचलून परत आणावी. धाविक असाच सापडतो. नांगरटीच्या तासात तो उभा असताना तपकिरी ढेकळाहून वेगळा दिसत नाही. मग ढेकूळ आठ-दहा पावले तुरुतुरु धावते, थबकते, पुढे वाकून एक किडा टिपते आणि ताठ उभे राहते. त्या क्षणी डोळ्यावरची पांढरी भुवई, तिच्याखालची काळी रेघ आणि नारिंगी छाती एकदम स्पष्ट होते. धाविक दिसला की नजर तिथेच ठेवावी, कारण दुसरा दहा-पंधरा मीटरवर बहुधा असतोच. करवानक मात्र धावत नाही. तो झुडपाच्या सावलीत पिवळे डोळे उघडे ठेवून बसून राहतो आणि आपण त्याला पाहण्याआधी त्याने आपल्याला पाहिलेले असते.

पाहुण्यांपैकी रणगोजा आणि तीरचिमण्या याच वेळी पाहून घ्याव्यात. रणगोजा ढेकळाच्या किंवा दगडाच्या टोकावर ताठ बसतो. उडताना शेपटीचा पांढरा-काळा नमुना दिसतो, ओळख तिथेच पटते. तीरचिमण्यांच्या जाती वेगळ्या करणे अवघड आहे. सुरुवातीच्या दोन-तीन हंगामांत ‘तीरचिमणी’ एवढीच नोंद करावी आणि त्यात कमीपणा मानू नये. अंदाजाने लिहिलेली जात पुढे यादी वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावते.

आठ ते दहा: पाणवठ्यावरची हजेरी

सूर्य वर आल्यावर पखुर्ड्या पाणी प्यायला येतात. दिवसभर कोरडे बी खाणाऱ्या या पक्ष्याला रोज पाणी लागते आणि तो वेळेचा पक्का असतो. साधारण आठ ते दहाच्या दरम्यान छोट्या पाझर तलावावर किंवा खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर जोड्या-जोड्यांनी, मग लहान थव्यांनी त्या येतात. आधी आवाज कानावर पडतो, थवा एक-दोन घिरट्या घेतो, थोड्या अंतरावर उतरतो आणि चालत पाण्याशी जातो. पिणे काही सेकंदांत उरकते. नर पोटाची पिसे भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो.

कोणत्या खड्ड्यावर बसायचे, हे नकाशा सांगत नाही, मेंढपाळ सांगतात. धनगरांचे वाडे हिवाळ्यात या भागात उतरलेले असतात. त्यांच्या कळपाकडे जाताना कुत्र्यांचा विचार करून लांबूनच रामराम घालावा आणि हाक येईपर्यंत थांबावे. “मामा, पाखरं पाण्याला कुठं उतरत्यात?” असे विचारले, तेव्हा एकाने हातातल्या काठीने दोन खड्डे दाखवले आणि म्हणाला, “ह्यातलं गोडं हाय, त्याच्यात साबणाचं पाणी हाय.” दुसऱ्या खड्ड्यावर बायका धुणे धूत असत, हे आम्हाला दोन वर्षे लक्षात आले नव्हते. पाण्यापासून किमान शंभर मीटरवर, सूर्य पाठीशी ठेवून गाडीतच बसावे. छायाचित्रासाठी काठाशी लपून बसणाऱ्यांमुळे थवा न पिताच परततो, आणि त्या दिवशी त्याला दुसरे पाणी शोधावे लागते.

दहानंतर माळावरून झळा उठू लागतात. मोरगावला किंवा सुप्याला मिसळ-भाकरी खाऊन पुढे निघण्याची ही वेळ आहे.

मधला वेळ: ज्वारी, तारा आणि तलाव

सुप्याहून बारामती-शिर्सुफळच्या दिशेने जाणारे आतले रस्ते घ्यावेत आणि वेग तीसच्या वर नेऊ नये. विजेच्या तारा आणि खांब हीच आता पाहण्याची जागा. तारेवर नीलपंख, बाभळीच्या शेंड्यावर राखी खाटीक, खांबावर खरुची हा छोटा ससाणा. खरुची हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते आणि कापशी ही छोटी घारही तसेच करते. पाठीचा रंग पाहावा, खरुचीची पाठ विटकरी आणि कापशीची राखी, खांद्यावर काळा डाग.

शाळूची शेते ही भोरड्यांची आणि भारिटांची. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप आणि इराणकडून येतो आणि त्याचे हिवाळ्यातले मुख्य वास्तव्य भारतातच असते. पण शेतात शिरून पक्षी उडवू नयेत. ज्वारी निसवल्यावर शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा असतो. त्याच्या दृष्टीने तो थवा म्हणजे नुकसान आहे, आणि बांधावर उभे राहून भोरड्यांचे कौतुक करण्याआधी हे ध्यानात असावे. भोरड्या टोळ आणि नाकतोडेही भरपूर खातात, हे खरे असले तरी ते त्याला त्या क्षणी ऐकवू नये.

मोठा थवा मोजताना एक-एक मोजत बसू नये. थव्याच्या एका कडेला दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात साठवावे आणि तेवढे ठोकळे पूर्ण थव्यावर किती बसतात ते पाहावे. दोघांनी वेगवेगळे मोजून मग आकडे सांगावेत. पहिल्या दिवशी दुपटीचा फरक पडतो, महिन्याभरात तो कमी होतो.

शिर्सुफळचा तलाव वाटेत घ्यावा. तिथे चक्रवाक, थापट्या आणि काठावर शेकाटे दिसतात. चक्रवाकाची जोडी केशरी रंगामुळे उन्हातही ओळखू येते. जेवण करून अर्धा-पाऊण तास झाडाखाली डुलकी घ्यावी, हेही वेळापत्रकातलेच काम समजावे. पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी दोनला चुकीच्या नोंदी करतो, हा माझ्या स्वतःच्या वह्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे.

तीन ते साडेचार: भिगवणचे पाणी

आता सूर्य नैर्ऋत्येकडे झुकलेला असतो आणि कुंभारगाव-डिकसळच्या काठावर उभे राहून पाण्याकडे पाहिले की तो पाठीशी येतो. सकाळी काळे दिसणारे पक्षी आता रंगाने वेगळे होतात. पट्टकादंब हंसाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे काठावरून मोजता येतात. मंगोलिया, तिबेट आणि लडाखच्या उंच प्रदेशात त्यांची वीण होते आणि इथे येताना ते हिमालय ओलांडतात. त्यांच्या मानेत कधी कधी रंगीत पट्टी दिसते. तिच्यावरची अक्षरे आणि अंक स्कोपमधून वाचून, पट्टीच्या रंगासह आणि वेळेसह, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावेत. अशा एका नोंदीतून पक्ष्याचा प्रवास कागदावर येतो.

रोहित असतील तर नाव भाड्याने घ्यावी. नावाड्याला आधीच स्पष्ट सांगावे की थव्याच्या जवळ जायचे नाही आणि पक्षी उडवायचे नाहीत. हे सांगावे लागते, कारण उडणाऱ्या गुलाबी पंखांच्या छायाचित्रासाठी पैसे देणारे गिऱ्हाईक त्याला रोज भेटते आणि त्याला वाटते की तुम्हालाही तेच हवे आहे. रोहितांनी माना वर करून चालायला सुरुवात केली की नाव थांबवावी, पुढचे पाऊल म्हणजे उड्डाण असते. नावेत एक तासाहून जास्त वेळ घालवू नये. चित्रबलाक, चमचे, सुरय आणि कुरव काठावरूनही उत्तम दिसतात, आणि घड्याळ साडेचार दाखवत असेल तर उरलेले पक्षी पुढच्या खेपेला ठेवून निघावे.

मावळती: भोवत्यांचा मुक्काम

या दिवसाचा सर्वांत मोलाचा तास आता येतो. भोवत्या हा लांब पंखांचा शिकारी पक्षी दिवसभर एकेकटा माळावर फिरतो, पण रात्री गवतात, जमिनीवर, इतरांसोबत झोपतो. झाडावर नाही. त्यामुळे मुक्कामाचे गवत उभे राहिले तरच तो पक्षी तिथे येतो. पडीक जमीन समजून गवताळ माळावर झाडे लावली की, भले ती हिरवी दिसोत, भोवत्यांचे अंथरूण जाते. मी ज्या मुक्कामाविषयी लिहीत आहे, त्याचे गाव मुद्दाम सांगत नाही. एका हंगामात एका मुक्कामाचे ठिकाण समाजमाध्यमावर फिरले, पुढच्या रविवारी गवतात गाड्यांची चाकोरी उमटली आणि पक्षी तिथून हलले. तुम्ही स्वतः शोधा. दुपारी चारनंतर उंच, एकसलग, न चरलेल्या गवताकडे एकाच दिशेने जाणारे भोवते दिसू लागले की रस्त्याच्या कडेला थांबा.

थांबण्याची जागा मुक्कामापासून निदान तीनशे मीटर असावी आणि पश्चिमेकडे असावी. पाठीमागे लालसर उजेड आणि समोर गवत. पहिला भोवत्या सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी येतो, डिसेंबरमध्ये म्हणजे साधारण साडेपाचला. तो गवतावरून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, पंख उथळ ‘व्ही’सारखे उचलून, एकदा इकडे एकदा तिकडे झुलत फिरतो. नर असेल तर राखाडी. पंखाच्या मधोमध काळी रेघ आणि टोकाला भरपूर काळे असेल तर तो माँटेग्यूचा भोवत्या. अंग फिकट, जवळजवळ पांढरे आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर तेवढी असेल तर तो फिकट भोवत्या. तपकिरी माद्या आणि पिल्ले अधिक अवघड आहेत. दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, म्हणून तिकडे पाहून उपयोग नाही, चेहरा पाहावा. गालाच्या काळ्या डागामागे फिकट पांढरट गळपट्टी आणि तिच्या खाली गडद मान असेल तर फिकट भोवत्या. गळपट्टी नसेल आणि डोळ्याभोवती पांढरे जास्त असेल तर माँटेग्यू. मी दोन हंगाम सगळ्या माद्या माँटेग्यूच्या म्हणून लिहिल्या होत्या. जुन्या छायाचित्रांतल्या मानेकडे पाहिले तेव्हा त्यातल्या कित्येक नोंदी खोडाव्या लागल्या.

नंतर ते एकेक करत येऊ लागतात. गवतात उतरलेल्याला वरचा हुसकावतो, दोघे वर उठतात, पुन्हा वेगळ्या जागी बसतात. प्रत्येक पाच मिनिटांना किती उतरले आणि किती पुन्हा उठले हे वहीत वेगळे लिहावे, कारण नुसते उतरलेले मोजले तर एकच पक्षी तीनदा मोजला जातो. ई-बर्डवर या तासाची वेगळी यादी करावी, एका जागी थांबून केलेली नोंद म्हणून. सकाळच्या माळाची, पाणवठ्याची आणि भिगवणची यादीही वेगवेगळीच ठेवावी आणि फिरत केलेल्या यादीचे अंतर पाचेक किलोमीटरच्या आत ठेवावे. दिसलेला प्रत्येक पक्षी, साळुंक्या आणि गायबगळेसुद्धा, त्यात लिहावा. दिवसभराची एकच मोठी यादी मित्रांना दाखवायला बरी असते, पण कोणता पक्षी कोणत्या अधिवासात होता हे तिच्यावरून कळत नाही.

सहानंतर रंग ओळखू येईनासे होतात आणि आकारच उरतात. शेवटचा भोवत्या बसल्यानंतरही गाडी लगेच सुरू करू नये. दिव्यांचा झोत गवतावर पडला तर नुकते बसलेले पक्षी अंधारात उठतात आणि त्या वेळी त्यांना दुसरे गवत सापडणे कठीण असते. पुरते अंधारेपर्यंत, साधारण पंचवीस मिनिटे, काचा खाली ठेवून बसावे. टिटवी कुठेतरी एकदा ओरडते, करवानकांची लांबलचक शीळ सुरू होते आणि एखाद्या वाड्यावरून कुत्र्यांचा आवाज येतो. मग गाडी गवताकडे न वळवता, आधी सरळ मागे घेऊन, डांबरी रस्त्यावर आल्यावरच दिवे लावावेत.